सगळ्या काड्या उभ्या

माझ्या मित्राला दर दुसऱ्या गुरुवारी पुण्याला दहा मिनिटं कॉम्प्युटर मिळत असे आणि मला मिळत नसे. सत्तरच्या दशकात सोलापुरात फिजिक्स शिकवणाऱ्या लेक्चररला हेवा वाटायला एवढं पुरेसं होतं. पुढे जे झालं त्याची मुळं त्या दहा मिनिटांत आहेत, म्हणून ती आधी सांगून टाकली.

आम्ही दोघं एकाच जूनमध्ये एकाच कॉलेजात लागलो. स्टाफरूममध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. त्याच्या घरचं भुसाराचं दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि हिशेबात चूक झाली की पुन्हा कन्नड. माझे वडील बार्शीला कारकून होते. आमच्या घरी चूक झाली की कुणीच काही बोलत नसे. मी त्याला शेठ म्हणत असे. तो मला पंडित म्हणत असे, कारण मला प्रत्येक गोष्टीचा सिद्धांत माहीत असायचा आणि प्रयोगशाळेतला बल्ब मात्र बदलता येत नसे.

आमचा दोघांचाही विषय द्रवस्फटिकांचा. काही पदार्थ पाण्यासारखे वाहतात, पण आतून त्यांचे रेणू थोडी शिस्त पाळतात. हे रेणू लांबट असतात, काड्यांसारखे. पदार्थ थंड असतो तोवर बहुतेक काड्या एकाच दिशेला असतात. तापवत गेलं की एका ठरावीक तापमानाला ती शिस्त एकदम मोडते आणि गढूळ दिसणारा द्रव नितळ होतो. ते तापमान कुठलं, आणि शिस्त मोडते ती कशी, हा आमचा प्रश्न होता.

हे मी त्याला पहिल्या वर्षीच कॅन्टीनमध्ये गिरणीच्या भोंग्यावरून समजावलं होतं. भोंगा व्हायच्या आधी रस्त्यावर माणसं वाटेल तिकडे तोंड करून उभी असतात. कुणी पानाच्या टपरीकडे, कुणी भज्यांच्या कढईकडे. भोंगा झाला की सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. रांग नसते, पायात पाय अडकत असतात, पण दिशा एक. "गंमत अशी," मी म्हणालो, "की खरं तर फाटकाकडे कुणी बघतच नाही. जो तो शेजारच्याकडे बघून वळतो. चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत एक काडी ठेवायची, शेजारच्या काड्यांकडे बघून ती वळवायची किंवा नाही वळवायची. कॉम्प्युटरला हे लाख वेळा करायला सांगितलं तर शिस्त कधी मोडते ते दिसेल."

त्याने बशीतला चहा संपवला. म्हणाला, "लई भारी हाय की, पंडित."

तीन महिन्यांनी त्याला पुण्यात मार्गदर्शक मिळाले होते, आणि मार्गदर्शकांबरोबर ती दहा मिनिटं.

न्यायाने सांगायचं तर कल्पना माझीही नव्हती. परदेशात माणसं या कामाला कधीच लागली होती. तिथली नियतकालिकं बोटीने आठ-आठ महिन्यांनी आमच्याकडे पोचत. पण सोलापुरात ती कल्पना पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडली होती. हेवा करायला तेवढा भूगोल पुरतो.

माझ्या वाट्याला कागद आणि पेन्सिल आली. सगळ्या शेजाऱ्यांची सरासरी काढून समीकरण सोडवायचं, अशी माझी जुनी पद्धत. ती वाईट नव्हती, पण तिला आवाज नव्हता. शेठच्या पद्धतीला होता. तो बुधवारी दुपारची गाडी पकडायचा. बरोबर पत्र्याचा डबा असायचा, धूळ बसू नये म्हणून चादरीत गुंडाळलेला. डब्यात भोकं पाडलेली कार्डं. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ. शुक्रवारी तो परत यायचा तेव्हा त्याच्या काखेत घडीघडीचा लांबलचक कागद असायचा आणि सगळा स्टाफ त्या कागदाभोवती जमायचा. संस्कृतचे सरसुद्धा. त्यांना त्यात काय दिसत असे देव जाणे.

आमच्या शिपायाच्या घरी हातमाग होता. त्याने एकदा डबा उघडून बघितला.

"सर, आमच्या मागावरच्या जेकार्डालाबी असलेच पुठ्ठे लागतेत. त्यातनं चादरीवर मोर निघतोय. ह्यातनं काय निघतंय?"

"तापमान," शेठ म्हणाला.

"म्हंजे मोर न्हाय," शिपाई म्हणाला आणि घंटा द्यायला निघून गेला. त्या दिवशी मी त्याला स्वतःहून चहा पाजला.

आता एक प्रसंग सांगायला हवा. तेव्हा तो मला प्रसंग वाटलाच नव्हता. शेठने प्रोग्रॅम लिहायला घेतला त्या आठवड्यात मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. तो टेबलापलीकडून म्हणाला, "पंडित, सुरुवातीला काड्या कशा ठेवू? सगळ्या उभ्या ठेवू, का कशाबी टाकू?"

मी मान वर न करता म्हणालो, "कुठूनही सुरुवात कर, शेवट तोच येतो."

हे खोटं नव्हतं. पुस्तकात तसंच आहे: काड्या पुरेशा वेळा हलवल्या की त्या आपली सुरुवात विसरतात. पण पुस्तकात 'पुरेशा वेळा' हे शब्द आहेत, आणि मी ते गाळले. मुद्दाम नाही. ज्याला कॉम्प्युटर मिळाला आहे त्याला वाक्य पूर्ण करून द्यायचा मला त्या दिवशी कंटाळा आला होता, इतकंच.

सगळ्या उभ्या ठेवणं सोपं होतं, प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम. कशाही टाकायच्या तर जास्त ओळी, जास्त कार्डं, आणि दहा मिनिटांतली एक-दोन मिनिटं त्यातच जाणार. आधीच्या खेपेला काड्या जिथे थांबल्या तिथूनही पुढे जाता आलं असतं, पण ती शेवटची स्थिती कागदावर छापून यायची, कार्डांवर नाही. ते हजार आकडे पुन्हा कार्डांवर पाडून घ्यायचे तर पुण्यातली पंचिंगवाली मुलगी दारात उभं करत नसे. मग शेठ प्रत्येक खेपेला, प्रत्येक तापमानाला, सगळ्या काड्या उभ्या करूनच निघायचा. पंडिताने सांगितलंच होतं, शेवट तोच येतो.

दीड वर्षात त्याचा आलेख तयार झाला. शिस्तीची रेघ बराच वेळ उंचावरून चालत जायची आणि एका तापमानाला कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची. आलेख देखणा होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत परिषद भरणार होती, तिथे त्याचा निबंध स्वीकारला गेला. त्याच सुमारास कॉलेजात कळलं की पीएच.डी. पुरी करण्यासाठी एका लेक्चररला, एकालाच, तीन वर्षांची भरपगारी रजा मिळणार आहे. अर्ज दोन आले. एक त्याचा, एक माझा. प्राचार्य म्हणाले, परिषद होऊन जाऊ द्या, मग बघू. याचा अर्थ न कळण्याइतका मी पंडित नव्हतो. मला आठवड्याला वीस तास होते आणि प्रॅक्टिकलं वेगळी. ती रजा मिळाली नाही तर माझं समीकरण अर्धवट सुटलेलंच राहणार होतं, आणि माझं वय चौतीस होतं.

अशा वेळी माणसं उपास करतात किंवा साहेबांच्या घरी जातात. मी काड्यापेट्या आणल्या.

कॉम्प्युटरशिवायही हे करता येतं हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते ठरवलं नव्हतं. एका पुठ्ठ्यावर सहा बाय सहा चौकटी आखल्या. आमच्या रेणूंना डोकं आणि शेपूट नव्हती, म्हणून छत्तीस काड्यांचे गुल काढून टाकले. त्यातल्या एकीने बायकोने स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला आणि आमचं पहिलं भांडण झालं. सापशिडीचे तीन फासे घेतले. पहिला फासा ओळ सांगायचा, दुसरा चौकट, तिसरा काडीची नवी दिशा. एका फाशाला सहा बाजू, तशा सहा दिशा. नवी दिशा शेजाऱ्यांशी जुळली तर काडी वळवायची. नाही जुळली तर गणिताच्या पुस्तकामागच्या आकड्यांच्या कोष्टकातून परवानगी काढायची. तापमान जास्त असलं की परवानगी सैल, कमी असलं की कडक.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी चारनंतर हे सुरू व्हायचं. बायको फासे टाकायची, मी वहीत लिहायचो, काड्या वळवायच्या तिनेच, कारण माझा हात लागला की शेजारच्या दोन हलत. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि तिचं माझ्याहून लवकर आटपायचं.

"अहो, ही काडी आज तिसऱ्यांदा वळायचं म्हणतेय. तुम्ही दर वेळी नाही म्हणताय."

"मी नाही, कोष्टक म्हणतंय."

"आमच्या मुख्याध्यापिकाही असंच म्हणतात."

मीही सुरुवात सगळ्या उभ्या करूनच करत होतो. शेठवर टीका करायला त्याच्यासारखंच करावं लागतं. तीनशे वेळा फासे टाकले की एक तापमान संपवायचो. काड्या थोड्या कलायच्या, पण मोठ्या संख्येने उभ्याच राहायच्या. त्याच्या कॉम्प्युटरसारखंच आमच्या पुठ्ठ्याचंही उत्तर येत होतं आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

एका रविवारी मोडनिंबहून मेहुणा आला. फासे टाकून झाले होते, पुठ्ठा खोलीच्या मधोमध जमिनीवर होता.

"दाजी, काड्यापेटीचा कारखाना काढलाय की काय?"

"संशोधन आहे," मी म्हणालो.

"व्हय का? मग जेवायला कुटं बसायचं?"

बायकोने पुठ्ठा उचलून कपाटावर ठेवला. जेवणं झाली, मेहुणा पाच वाजताच्या एसटीने गेला. मी पुन्हा पुठ्ठ्यासमोर बसलो तर काड्या अशा पसरलेल्या होत्या जशा मी कधीच पाहिल्या नव्हत्या. एकीचं तोंड दुसरीला नाही.

"तू या होत्या तशाच ठेवल्यास ना?"

"होत्या कशा ते मला काय माहीत? उचलताना सगळ्या घसरल्या. छत्तीस घरं, छत्तीस काड्या. मोजून ठेवल्यात."

मी चिडलो. मग म्हटलं, झालंच आहे तर इथूनच पुढे जाऊ. सकाळचंच तापमान ठेवलं. पुन्हा तीनशे वेळा फासे टाकले. काड्या उभ्या झाल्या नाहीत. आडव्याही झाल्या नाहीत. इकडे तिकडे बघत राहिल्या, भोंग्याआधीच्या रस्त्यासारख्या.

तापमान तेच, फासे तितकेच. सकाळी उभ्यापासून निघालो तर शिस्त होती, संध्याकाळी विस्कटलेल्यापासून निघालो तर नव्हती. म्हणजे शेवट तोच येत नव्हता. तीनशे वेळा फासे टाकूनही काड्या आपली सुरुवात विसरल्या नव्हत्या.

मी भिंतीला टेकून बसलो. माझा पहिला विचार शास्त्रीय नव्हता. पहिला विचार असा की, शेठ गेला.

सोमवारी मी त्याच्याकडे त्याचे कागद मागितले. म्हणालो, माझ्या समीकरणाशी ताडून बघतो. त्याने सगळा गठ्ठा दिला, वर म्हणाला, "बघ की. तुझ्याशिवाय कोण वाचतंय हे? सगळे नुसती लांबी बघत्यात." स्टाफरूमच्या टेबलावर मी कागद उलगडला. प्रत्येक तापमानाला शिस्तीचे आकडे एकाखाली एक छापलेले होते. कड्याच्या जवळच्या तापमानांना ते आकडे स्थिर झालेच नव्हते. दर ओळीला किंचित कमी, किंचित कमी, असे शेवटच्या ओळीपर्यंत उतरत होते. दहा मिनिटं संपली म्हणून ते थांबले होते. पोचले होते म्हणून नाही. अजून तासभर कॉम्प्युटर चालला असता तर त्या काड्या विस्कटल्या असत्या. त्याचा कडा खऱ्या जागेच्या बराच पुढे होता.

असं असताना परिषदेत कुणीतरी विचारणारच होतं: तापवत गेलात ते ठीक, निववत आलात का? विस्कटलेल्यापासून सुरुवात करून बघितलीत का? शेठ म्हणणार, नाही. सभागृहात थोडं हसू, थोडं खोकणं. मग तो परत येणार, आणि प्राचार्यांसमोर एकच अर्ज उरणार.

मी गठ्ठा नीट घडी करून परत दिला. "छान आहे," म्हणालो.

बारा दिवस मी त्याच्याशी इतकं चांगलं वागलो की बायकोने मला ताप आहे का बघितलं. त्याचे दोन तास मी घेतले. त्याचा चहा सांगितला. विज्ञानातल्या चुका जाहीर सभेतच दुरुस्त व्हाव्यात, तीच निरोगी पद्धत, असं मी स्वतःला समजावलं. सायकलवरून जाताना परिषदेतला तो प्रश्न मी स्वतःशी म्हणून बघायचो, निरनिराळ्या आवाजांत. एखाद्या वयस्क शास्त्रज्ञाच्या आवाजात तो सगळ्यात छान वाटायचा.

बायकोने एकदा विचारलं, "सांगितलंत का त्यांना?"

"सांगतो."

पुन्हा तिने विचारलं नाही. पण त्यानंतर तिने फासेही हातात घेतले नाहीत.

दरम्यान प्राचार्यांनी शेठचा सत्कार ठरवला, परिषदेला जाण्याआधीच. परिषदेनंतर काय होईल सांगता येत नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. शनिवारी दुपारी हॉलमध्ये संस्थेचे अध्यक्ष, शाल, श्रीफळ. कॉम्प्युटरचे कागद खिडक्यांवर तोरणासारखे लावले होते, त्यातला एक उलटा. मित्र आणि सहकारी म्हणून मी चार शब्द बोलावेत असा आदेश होता. मी चार शब्द तयार केले होते. त्यातला शेवटचा असा होता: 'आमचे मित्र तापवण्यात वाकबगार आहेत, ते निववतील कधी, याची शास्त्रीय जग वाट पाहत आहे.' कुणाला काही कळणार नव्हतं. परिषदेहून परत आल्यावर त्याला कळलं असतं.

कार्यक्रमाला अर्धा तास होता. शेठने टंकलेला निबंध माझ्यासमोर टाकला. "पंडित, स्पेलिंगं बघ की जरा. तुझं विंग्रजी बरं हाय."

मी स्पेलिंगं बघत गेलो. शेवटच्या पानावर आभार होते. मार्गदर्शकांचे, पुण्याच्या केंद्राचे, आणि तिसरं नाव माझं. खाली लिहिलं होतं की सर्व काड्या समांतर ठेवून गणनेला सुरुवात करण्याचा निर्णय अमुकांशी झालेल्या चर्चेनंतर घेतला आहे.

त्याला ते वाक्य आठवत होतं. मला आठवत नव्हतं. त्या क्षणी आठवलं. कुठूनही सुरुवात कर. त्याची चूक बारा दिवस मी जपून ठेवली होती, आणि ती माझी होती. परिषदेत तो वयस्क शास्त्रज्ञ हसला असता तर पान उलटून माझं नावही वाचलं असतं.

लोक मला पुढे म्हणाले की तुम्ही मोठ्या मनाने वागलात. मी दर वेळी खुलासा करायचा प्रयत्न केला. मोठ्या मनाचा संबंध नव्हता. ते नाव तिथे नसतं तर मी काय केलं असतं, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खरं म्हणजे सांगू शकतो, म्हणून सांगत नाही.

सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या प्राध्यापकांनी पदार्थाची अवस्था बदलून दाखवली. तेव्हा सोलापूरची अवस्था बदलायला कितीसा वेळ?" टाळ्या पडल्या. मी उठलो, माझा शेवटचा शब्द गाळला आणि तीनच बोललो. तेही कुणी ऐकले नाहीत, कारण पेढे आले होते.

नंतर तो सायकल काढत होता, खांद्यावर शाल, एका हातात नारळ. मी म्हणालो, "शेठ, लॅबमध्ये चल."

"आता? घरी आई वाट बघायलीय की."

"चल."

प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसवून मी त्याला सांगितलं. आधी आमच्या पुठ्ठ्याचं, मग त्याच्या कागदांचं. तोरणातून एक कागद काढून आणला होता, त्यावरचे उतरते आकडे बोटाने दाखवले. तो हुशार होता. अर्धं सांगून झालं तेव्हाच त्याने नारळ टेबलावर ठेवला. बराच वेळ आकड्यांवरून नजर खाली नेत राहिला. काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटला.

"वाट नाही बघितली मी," मग म्हणाला. "शेवट यायची वाट नाही बघितली."

"ते मी तुला सांगायला हवं होतं. तेव्हाच."

"तेव्हा कुणाला माहीत होतं?" तो म्हणाला. मग थांबला. "पंडित, तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. काल, म्हटलं असतं.

"मागल्या आठवड्यातल्या सोमवारी. कागद मागितले तेव्हा."

"आज शनवार हाय."

"हो."

त्याने बोटांवर मोजलं नाही. शाल काढून घडी केली, खूप नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. म्हणाला, "मंगळवारी माझी गाडी हाय. उद्या तुझ्या घरी येतो. काड्या हायेत का अजून?"

रविवारी सकाळी आठला तो आला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन फासे घेऊन आली. दोन पुठ्ठे मांडले. एकावर सगळ्या काड्या उभ्या, दुसऱ्यावर वाटेल तशा. सहा तापमानं ठरवली. पहिला पुठ्ठा तापवत न्यायचा, दुसरा निववत आणायचा. तो एका पुठ्ठ्याशी, मी दुसऱ्याशी, मधे बायको दोघांसाठी फासे टाकत. तिच्याशी तो भरभरून बोलत होता, "वहिनी, ही तुमची काडी लई हट्टी हाय बघा." माझ्याशी फक्त आकडे. तीन, पाच, दोन. परवानगी नाही. चार, एक, सहा. परवानगी. आमच्या मैत्रीतलं ते सगळ्यात लांब संभाषण असेल, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

संध्याकाळी आलेख काढला. जाताना एक रेघ, येताना दुसरी, आणि मधे रिकामी जागा. उभ्यापासून निघालेल्या काड्या उशिरा मोडत होत्या, विस्कटलेल्या उशिरा जुळत होत्या. खरं तापमान त्या दोन रेघांच्या मधे कुठेतरी होतं. छत्तीस काड्यांवरून ते काढता येत नव्हतं. पण ते मधे आहे आणि शेठचा कडा ही फक्त वरची मर्यादा आहे, एवढं सांगता येत होतं.

मंगळवारी तो गेला. आठवड्याने परत आला तेव्हा स्टाफरूममध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं, मला म्हणून नाही. परिषदेत त्याने आपला देखणा आलेख दाखवला आणि लगेच म्हणाला की हा पूर्ण नाही. मग काड्यापेटीच्या काड्यांचा हाताने काढलेला आलेख दाखवला. लोक हसले. हसणं थांबल्यावर पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने विचारलं, "प्रत्येक तापमानाला किती वेळा फासे टाकलेत?" तीनशे, म्हटल्यावर ते म्हणाले, "तीन हजार टाका. कॉम्प्युटर मी देतो."

मी इतके दिवस सायकलवर ज्याचा आवाज काढत होतो तोच हा माणूस. प्रश्न मात्र वेगळा. आणि त्याचा परिणामही मी योजला होता तो नव्हता.

रजा त्याला मिळाली. त्यात अन्याय काही नव्हता, आणि हे मला त्या दिवसांत कुणी बोलून दाखवलं असतं तर मी उठून गेलो असतो. त्याचे तास मला मिळाले, आठवड्याला वीसचे सव्वीस झाले. माझं समीकरण अजून त्याच वहीत आहे. मी सुटीत ते काढायचो आणि सुटी संपली की ठेवून द्यायचो. पुढे सुट्याही पेपर तपासण्यात जाऊ लागल्या.

आम्ही भेटत राहिलो. तो सोलापूरला आला की घरी यायचा, बायकोसाठी दुकानातली तूरडाळ आणायचा. ते बारा दिवस त्याने पुन्हा कधी काढले नाहीत. त्याने ते काढावेत, एकदा चांगला भांडावा, मला दोन शिव्या द्याव्यात, कन्नडमध्ये का होईना, अशी मी वाट बघत असे. तो डाळ द्यायचा आणि सिद्धेश्वर तलावात यंदा पाणी किती, ते विचारायचा.

तीन वर्षांनी प्रबंध बांधून आला. त्याची एक प्रत त्याने टपालाने पाठवली. त्यातलं एक पूर्ण प्रकरण जाण्याच्या आणि येण्याच्या रेघांवर होतं, आणि तेच सगळ्यात चांगलं होतं. मी आधी आभाराचं पान उघडलं. कुणीही तेच करतं. माझं नाव होतं. गणनेत सुरुवातीच्या स्थितीचा परिणाम राहतो ही गोष्ट वेळेवर लक्षात आणून दिल्याबद्दल.

वेळेवर. त्याने तो शब्द इंग्रजीत लिहिला होता, तोही साधा शब्द. इंग्रजीबद्दल तो मला नेहमीच विचारायचा, हे वाक्य मात्र त्याने मला न विचारता लिहिलं होतं. हा शब्द खरा नाही, हे जगात तिघांनाच माहीत होतं.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती, त्या तपासत राहिली.

मी प्रबंध मिटला. त्याची दहा मिनिटं, त्याचे मार्गदर्शक, त्याची रजा, त्याचा तो देखणा कडा, या सगळ्यांचा हेवा मला वेळोवेळी वाटला होता आणि प्रत्येक वेळी कालांतराने ओसरला होता. हा ओसरला नाही. असं एक वाक्य मला लिहिता आलं नसतं. मी त्या जागी असतो तर 'वेळेवर'च्या जागी तारीख टाकली असती.